जुन्या मोटारसायकलींवरील इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो: कार्यपद्धती, बसवणी आणि टायमिंग

गार इंजिन दुसऱ्या किकला चालू होते, पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, आणि एकदा थांबवले की इंजिन पुरते निवेपर्यंत काही केल्या पुन्हा चालू होत नाही. जुन्या मोटारसायकलीचा मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगसाठी ठिणगी निर्माण करणारे यंत्र, थकल्याची ही सर्वांत ओळखीची खूण आहे. अशा मॅग्नेटोच्या जागी बसणारा, बाहेरून त्याच्यासारखाच दिसणारा आणि बॅटरीशिवाय चालणारा इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो हा या दुखण्यावरचा खात्रीचा इलाज आहे. मात्र तो ठिणगीचा दोष दूर करतो, चुकीच्या टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या चुकीच्या वेळेचा, नाही. पिस्टनची अचूक जागा शोधणे आणि गिअर योग्य स्थितीत पक्का करणे ही कामे पूर्वीइतकीच बसवणाऱ्याच्या हातात राहतात, म्हणून या लेखात सर्वाधिक जागा त्या कामांना दिली आहे.

जुना मॅग्नेटो काय करत होता

१९०२ च्या सुमारास बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व्यवहारात आणला, आणि पुढची अनेक दशके मोटारसायकलींवरील मॅग्नेटो थोड्याफार फरकाने त्याच तत्त्वावर चालले. कायमस्वरूपी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये आर्मेचर फिरते. आर्मेचरवर जाड तारेचे थोडे वेढे, म्हणजे प्रायमरी, आणि त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, म्हणजे सेकंडरी, असतात. आर्मेचर फिरताना त्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह दिशा बदलतो, त्यामुळे बंद पॉइंटमधून (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांमधून) प्रायमरीत करंट वाहू लागतो, आणि तो करंट सर्वाधिक असतानाच कॅम पॉइंट उघडतो. करंट अचानक तुटल्याने सेकंडरीत हजारो व्होल्ट निर्माण होतात. हा दाब स्लिप रिंग आणि कार्बन ब्रशमार्गे प्लगपर्यंत पोहोचतो. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून शक्ती वाया जाऊ नये, हे काम कंडेन्सर करतो. बहुतेक ल्युकस मॅग्नेटोंत पॉइंटमधील अंतर ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर ठेवले जाते, आणि एवढ्या लहान अंतरात थोडा जरी फरक पडला तरी ठिणगीची वेळ सरकते.

या रचनेतील दोन उणिवा समजून घेतल्या पाहिजेत. पहिली उणीव वयाची आहे. जुन्या गुंडाळ्यांवर शेलॅकचे आवरण असे. ते उष्णतेने मऊ होते, वेढ्यांमधील विद्युतरोध कमी होतो आणि गरम इंजिनावर ठिणगी प्लगऐवजी आर्मेचरच्या आतच पडू लागते. कंडेन्सरही असाच उष्णतेने साथ सोडतो. दुसरी उणीव रचनेतच आहे. प्रायमरीतील करंट आर्मेचरच्या एका ठरावीक स्थितीतच सर्वाधिक असतो. हँडलवरील लिव्हरने ठिणगी मागे घेतली की कॅमचे कडे फिरते, पॉइंट त्या स्थितीनंतर उघडतात आणि ठिणगी दुबळी होते. किक मारताना वेग सर्वांत कमी आणि ठिणगी मागे घेतलेली, म्हणजे जोरदार ठिणगीची गरज असते नेमक्या त्याच वेळी ती सर्वांत अशक्त मिळते. स्वयंचलित अ‍ॅडव्हान्स यंत्रणा (वेगानुसार ठिणगी आधी पाडणारी सोय) असलेल्या मॅग्नेटोत मात्र संपूर्ण आर्मेचरच इंजिनाच्या तुलनेत मागे-पुढे सरकते, त्यामुळे त्यांत ही दुसरी उणीव उरत नाही.

इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटोच्या आत

प्रचलित प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटोत गुंडाळ्या स्थिर राहतात आणि चुंबक फिरतात. रोटरवर नीओडिमियम किंवा समेरियम-कोबाल्टचे लहान पण प्रबळ चुंबक बसवलेले असतात. रोटर फिरला की चार्जिंग कॉइलमध्ये प्रत्यावर्ती विद्युतदाब निर्माण होतो, डायोड त्याला एकाच दिशेने जाऊ देतो आणि एक कपॅसिटर काही शे व्होल्टपर्यंत भारित होतो. योग्य क्षणी ट्रिगरकडून संकेत येतो, थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच चालू होतो, आणि कपॅसिटरमधील सगळी ऊर्जा इग्निशन कॉइलच्या प्रायमरीत एकदम ओतली जाते. सेकंडरीत त्यातून ठिणगीसाठी लागणारा उच्च दाब तयार होतो. या पद्धतीला सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) म्हणतात. १९६९ च्या कावासाकी एच१ पासून ती मोटारसायकलींच्या जगात परिचित झाली. इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटोत तीच पद्धत स्वतःची वीज स्वतः निर्माण करणाऱ्या एका कवचात बसवलेली असते.

ऊर्जेचा हिशोब साधा आहे. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टपर्यंत भारित केला, तर त्यात ४५ मिलिज्यूल ऊर्जा साठते. व्होल्ट निम्मे झाले तर ऊर्जा एक-चतुर्थांशावर येते, कारण ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मॅग्नेटो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इंजिन किकने मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल तेव्हा रोटर जेमतेम १५० घेतो. एवढ्या मंद गतीतही कपॅसिटर पुरेसा भरावा यासाठीच रोटरवर प्रबळ चुंबक आणि कॉइलवर भरपूर वेढे लागतात. किक अर्धवट मारली तर ट्रिगरचे सर्किट जागेच होत नाही आणि ठिणगी पडतच नाही. हा दोष नव्हे, हे यंत्रणेच्या मर्यादेतच आहे.

सर्वांत महत्त्वाचा फरक असा, की येथे ऊर्जा साठवण्याचे काम आणि वेळ ठरवण्याचे काम वेगळे झालेले आहे. कपॅसिटर ठिणगीच्या क्षणाआधीच भरून तयार असतो, त्यामुळे ठिणगी काही अंश मागे पडली काय किंवा पुढे पडली काय, तिचा जोर सारखाच राहतो. ट्रिगरमधील प्रोसेसर रोटरचा वेग मोजतो आणि वेगानुसार ठिणगी पुढे नेतो. किकच्या वेळी तो ती टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थितीच्या, जवळ ठेवतो, त्यामुळे किक उलटी बसण्याचा धोका बराच कमी होतो.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. सीडीआयची ठिणगी अतिशय वेगाने चढते, त्यामुळे तेलकट किंवा काजळी धरलेल्या प्लगमधूनही ती सहसा निसटते. पण ती टिकते मात्र मिलिसेकंदाच्या एका लहान अंशापुरती. पातळ मिश्रण पेटवायला दीर्घ ठिणगी अधिक उपयोगी पडते. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये हवेची गळती असेल किंवा पायलट जेट अर्धवट तुंबलेला असेल, तर इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो बसवूनही मंद गतीत इंजिन अडखळेल आणि दोष मात्र नव्या मॅग्नेटोवर येईल.

दोन सिलिंडरची इंजिने

एकाच सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत रोटरची एक फेरी होते आणि एकच ठिणगी लागते, त्यामुळे विशेष विचार करावा लागत नाही. ज्या पॅरलल ट्विनमध्ये (शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात) दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात, तेथे काही यंत्रणा दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी देतात. एक ठिणगी कॉम्प्रेशन झालेल्या सिलिंडरमध्ये कामाला येते आणि दुसरी एक्झॉस्टच्या अखेरीस असलेल्या सिलिंडरमध्ये निरुपद्रवीपणे वाया जाते.

व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडर एकमेकांशी कोन करून बसलेल्या इंजिनात, ही सोय चालत नाही, आणि त्याचे कारण आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. सिलिंडरमधील कोन ५० अंशांचा असेल, तर दोन ठिणग्यांमधील अंतर क्रँकवर ४१० आणि ३१० अंश, म्हणजे मॅग्नेटोवर २०५ आणि १५५ अंश येते. दोन्ही प्लगना एकत्र ठिणगी दिली, तर एका सिलिंडरच्या कामाच्या वेळी दुसऱ्यातील वाया जाणारी ठिणगी इनटेकच्या सुरुवातीला पडते. ठिणगी टीडीसीच्या ३० अंश आधी पडते असे धरले, तर ती इनटेकच्या टीडीसीनंतर २० अंशांवर, इनलेट व्हॉल्व्ह उघडा असताना पडेल आणि कार्ब्युरेटरमधून भडका बाहेर येऊ शकेल. म्हणून व्ही-ट्विनसाठी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र ट्रिगर आणि स्वतंत्र ठिणगी देणारा मॅग्नेटोच घ्यावा. अशा इंजिनांच्या जुन्या मॅग्नेटोत विषम कोनामुळे दोन सिलिंडरच्या ठिणग्यांचा जोर सारखा राखणे कठीण असे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत तो प्रश्न मिटतो, आणि माझ्या मते हा तिचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला गुण आहे.

घेण्यापूर्वी

आधी दोष खरोखर मॅग्नेटोचाच आहे याची खात्री करावी. इंजिन गरम होऊन बंद पडताच प्लग काढून तो सिलिंडरच्या धातूला टेकवून किक मारावी आणि ठिणगी पाहावी. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून प्लग त्या छिद्रापासून दूरच टेकवला पाहिजे. गरम असताना ठिणगी पिवळट, क्षीण किंवा अनियमित असेल आणि गार झाल्यावर सुधारत असेल, तर निदान पक्के झाले. ठिणगी दोन्ही वेळा चांगली असेल, तर पैसे खर्च करण्यापूर्वी कार्ब्युरेटर आणि व्हॉल्व्हकडे वळावे. येथे हेही सांगितले पाहिजे, की जाणकाराने नव्या गुंडाळ्या आणि नवा कंडेन्सर घालून दुरुस्त केलेला जुना मॅग्नेटो अनेक वर्षे उत्तम चालतो. मूळ स्वरूप जपणे ज्याला महत्त्वाचे वाटते, त्याने तोच मार्ग घ्यावा.

मागणी नोंदवताना मॅग्नेटोच्या फिरण्याची दिशा गिअरच्या बाजूने पाहून सांगायची असते, दुसऱ्या बाजूने नाही. ही चूक फार सहज होते. मॅग्नेटो फ्लँजवर बसतो की सपाट बैठकीवर, बैठकीपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची किती (३५ आणि ४५ मिलिमीटर ही सामान्य मापे आहेत), शाफ्टचा टेपर (गिअर बसणारा निमुळता भाग) कोणता, आणि व्ही-ट्विन असल्यास सिलिंडरमधील कोन किती, हे सर्व स्वतः मोजून लिहून ठेवावे. मॅग्नेटोच्या पाठीवर डायनॅमो बसत असेल आणि त्याला गती मॅग्नेटोकडूनच मिळत असेल, तर नवे कवच तो भार उचलू शकते का, हे आधी विचारून घ्यावे.

जुना मॅग्नेटो काढणे

प्लग काढावे, टायमिंगचे झाकण उघडावे आणि मॅग्नेटोचा गिअर पुलरने ओढून काढावा. काही गिअरमध्ये मधला बोल्ट उलट फिरवला की गिअर आपोआप टेपरवरून सुटतो. तशी सोय नसेल तर त्या गिअरसाठी बनवलेला पुलरच वापरावा. गिअरवर हातोडा मारल्यास शाफ्ट वाकतो आणि बेअरिंगलाही इजा होते, म्हणून तो मोह कटाक्षाने टाळावा. काढलेला मॅग्नेटो अखंड ठेवावा. आर्मेचर बाहेर काढायचेच असेल, तर चुंबकाच्या टोकांवर आधी लोखंडी पट्टी लावावी, नाहीतर जुन्या चुंबकांची शक्ती कमी होते.

इंजिनात बसवलेली मूळ स्वयंचलित अ‍ॅडव्हान्स यंत्रणा या टप्प्यावर निकामी करणे आवश्यक आहे. ती जागेवर राहिली, तर तिचा अ‍ॅडव्हान्स आणि प्रोसेसरचा अ‍ॅडव्हान्स एकमेकांत मिळतो. समजा यांत्रिक यंत्रणा मॅग्नेटोवर १२ अंश सरकते, म्हणजे क्रँकवर २४ अंश, आणि प्रोसेसर आणखी २० अंश पुढे नेतो. असे झाले तर एकूण फरक ४४ अंशांचा होईल आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाऊ शकेल. म्हणून त्या जागी साधा गिअर बसवावा, किंवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ती यंत्रणा कायमची जखडावी. ज्या इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटोत अ‍ॅडव्हान्स अंतर्भूत नाही, त्यांना मात्र मूळ यंत्रणा हवीच असते, म्हणून सोबतचे पत्रक आधी वाचावे.

टायमिंग लावणे

क्रँकला अंशांची चकती पक्की बसवावी आणि इंजिनाच्या एखाद्या बोल्टखाली ताठ तार धरून तिचा काटा करावा. पिस्टन टीडीसीजवळ फार थोडा हलतो, त्यामुळे नजरेने किंवा प्लगच्या छिद्रातील काडीने टीडीसी ठरवणे विश्वासार्ह नसते. त्याऐवजी प्लगच्या जागी पिस्टन रोखणारा स्टॉप घालावा, क्रँक हाताने एका दिशेने हलकेच टेकेपर्यंत फिरवावा आणि वाचन घ्यावे, मग उलट दिशेने फिरवून दुसरे वाचन घ्यावे. एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला ३० अंश आले, तर चकती ३ अंश सरकवून दोन्ही बाजूंना २७ येतील असे करावे. आता चकतीचे शून्य म्हणजे खरे टीडीसी होय. स्टॉप काढायला विसरू नये.

जुन्या पुस्तिकांत ठिणगीची जागा अनेकदा अंशांऐवजी पिस्टनच्या अंतरात दिलेली असते. ८२ मिलिमीटर स्ट्रोक आणि १६५ मिलिमीटर लांबीचा कनेक्टिंग रॉड असेल, तर टीडीसीआधी ३८ अंश म्हणजे पिस्टन सुमारे १०.६ मिलिमीटर खाली असतो. आपल्या इंजिनाची मापे वेगळी असतील तर हे अंतरही वेगळे येईल, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा उसना घेऊ नये.

आता इंजिन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, उत्पादकाने सांगितलेल्या अंशावर आणावे. काही उत्पादक हा अंश पूर्ण अ‍ॅडव्हान्सचा देतात, तर काही स्थिर अवस्थेचा. या दोन्हींची गल्लत झाली तर पुढचे सगळे काम वाया जाते. इंजिन नेहमी त्याच्या चालण्याच्या दिशेनेच त्या अंशापर्यंत आणावे. अंश ओलांडला गेला तर केवळ तेवढेच मागे न येता चांगले ३०-४० अंश मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, कारण गिअरच्या दात्यांमधील ढिलाई एकाच बाजूला गेलेली असली पाहिजे.

मॅग्नेटो बसवण्यापूर्वी बैठकीवरचा रंग आणि मळ खरवडून उघडा धातू दिसेल असे करावे. जुन्यात अर्थिंगसाठी वेगळा ब्रश असे; येथे बरेचदा कवच आणि इंजिन यांचा स्पर्श हेच अर्थिंग असते. बैठकीवरच्या मॅग्नेटोत शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून गिअरच्या दात्यांत अगदी किंचित ढिलाई राहील अशी उंची ठेवावी; ढिलाई शून्य असेल तर गिअर कण्हतो आणि बेअरिंग लवकर जाते. टायमिंग चेस्टमधील तेल मॅग्नेटोत शिरू नये म्हणून ऑइल सीलही याच वेळी बदलावा.

शाफ्ट आणि गिअर या दोन्हींच्या टेपरवरून तेलाचा अंशही पुसून काढावा. गिअर टेपरवर सैल ठेवावा आणि रोटर त्याच्या दिशेने हळूहळू फिरवावा. बहुतेक यंत्रणांत यासाठी एक लहान दिवा असतो, जो ट्रिगरच्या क्षणी पेटतो किंवा विझतो. नसेल तर खुणा जुळवाव्या लागतात. दिवा नेमका बदलला त्या क्षणी रोटर थांबवून गिअर पोकळ नळीने हलका ठोकून टेपरवर बसवावा आणि नट आवळावा. नट आवळताना रोटर किंचित सरकतोच, म्हणून क्रँक दीड-दोन फेऱ्या मागे नेऊन पुन्हा पुढे आणावा आणि दिवा कोणत्या अंशावर बदलतो हे पाहावे. मॅग्नेटोवरील एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते, त्यामुळे येथे घाई करण्यात काहीच लाभ नाही. पहिल्या प्रयत्नात हे काम क्वचितच जमते. तीन-चार वेळा गिअर काढून पुन्हा बसवावा लागला तरी वेळ वाया गेला असे समजू नये.

तारा, प्लग आणि बंद करण्याचे बटण

प्लगच्या टोपीत रोधक असणे आवश्यक आहे. साधारण ५ किलो-ओहमची टोपी पुरते. रोधक नसेल तर ठिणगीतून निघणारा विद्युतचुंबकीय गोंगाट जवळच्या प्रोसेसरला भ्रमात टाकतो आणि ठिणग्या अवेळी पडू लागतात. प्लगमधील अंतर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावे. सांगितले नसेल तर ०.५ ते ०.६ मिलिमीटरपासून सुरुवात करावी. प्लगची तार मोकळी ठेवून किक कधीही मारू नये, कारण उच्च दाबाला बाहेर वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आतच वाट काढतो.

बंद करण्याच्या बटणाची तार अर्थ केली की ठिणगी थांबते. ही तार दिव्यांच्या वायरिंगपासून पूर्णपणे वेगळी ठेवावी आणि तिला बॅटरीचा धनाग्र चुकूनही लावू नये. तसे झाल्यास आतले सर्किट जळू शकते. चौकटीवर विजेचे वेल्डिंग करायचे असेल, तर मॅग्नेटो आधी सोडवून घ्यावा.

पहिली किक आणि तपासणी

प्लग काढून, त्यांच्या टोप्या लावून आणि ते धातूला टेकवून आधी ठिणगी पाहावी. मग प्लग बसवून किक एका सलग, पूर्ण जोराने मारावी. इंजिन चालू होऊन गरम झाल्यावर टायमिंग लाइट लावावा. गाडीत बॅटरी नसेल तर लाइटला बाहेरून १२ व्होल्टची बॅटरी द्यावी. क्रँकवर पूर्ण अ‍ॅडव्हान्सच्या अंशाची पांढरी खूण करून घ्यावी आणि वेग वाढवत ती काट्याशी कोठे स्थिरावते ते पाहावे. डायल फिरवून अंश दाखवणारा लाइट प्रत्येक फेरीला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेत दुप्पट वाचन दाखवू शकतो, म्हणून साधा लाइट आणि खूण यांवरच विसंबावे. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही तपासावे. जुन्या मॅग्नेटोत कॅमचे कडे झिजल्याने दोघांमध्ये काही अंशांचा फरक पडत असे. येथे फरक दिसला तर तो मॅग्नेटोत नाही, खुणेत किंवा चकतीत शोधावा.

पुढे कधी इंजिन अडखळले, तर प्रथम अर्थिंग, प्लगची टोपी आणि बटणाची तार या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. बटणाची तार सोडवून इंजिन चालवले आणि दोष नाहीसा झाला, तर तार कोठेतरी चौकटीवर घासून उघडी पडलेली आहे. कॉइलचे रोध मोजायचे असल्यास साधा मल्टिमीटर वापरावा आणि उत्पादकाच्या पत्रकातील आकड्यांशी ताडून पाहावे. विद्युतरोध तपासण्याचा उच्च दाबाचा मेगर या सर्किटला कधीही लावू नये, कारण जुन्या आर्मेचरसाठी योग्य असलेली ती चाचणी येथे थायरिस्टर आणि प्रोसेसर दोन्ही निकामी करते.